एकदा वापरून टाकायचे मास्क मक्याच्या प्लास्टिकचे करावेत का?

तंतुवेडा:
सर्जिकल मास्क हाताला कापडासारखा लागतो, पण त्याचे तिन्ही थर सहसा पॉलीप्रॉपिलीनचे, म्हणजे पेट्रोलियमपासून केलेलं प्लास्टिकच. उघड्यावर पडला की त्याचा भुगा होत राहतो, कुजत काहीच नाही. मका-उसापासून बनणाऱ्या पीएलए (पॉलीलॅक्टिक ॲसिड) या प्लास्टिकचं तसंच कापड आज तयार होतं. मग उत्पादकांना ते बंधनकारक का करू नये?

ओटीसिस्टर:
जरा दमानं घ्या. ऑपरेशनमध्ये रक्ताची चिळकांडी उडते, तेव्हा तो मास्क माझ्या तोंडावर असतो. युरोपच्या ईएन १४६८३ मानकात टाइप टू-आर मास्कनं किमान ९८ टक्के जीवाणू अडवायचे आणि १६ किलोपास्कल दाबाचा कृत्रिम रक्ताचा फवारा आत येऊ द्यायचा नाही, अशी अट आहे. आधी ती पास करून दाखवा. शिवाय आमचे वापरलेले मास्क भट्टीत जातात. जळणारी वस्तू कुजते की नाही, याच्याशी काय देणंघेणं?

तंतुवेडा:
देणंघेणं आहे. पीएलए जळतानाचा कार्बन पिकानं हवेतूनच घेतलेला असतो, पॉलीप्रॉपिलीनचा जमिनीखालून उपसलेला.

मेल्टब्लोन:
आणि त्या पिकाचं खत, डिझेल कोण मोजणार? पण खरी गोम मधल्या थरात आहे. त्याचे तंतू साधारण १ ते ५ मायक्रॉनचे. त्यांच्यातली भोकं बारीक कणांपेक्षा मोठीच असतात. कण अडकतात ते मुख्यतः तंतूंवर मुरवलेल्या विद्युतभारामुळे. पॉलीप्रॉपिलीन पाणी धरत नाही, म्हणून भार टिकतो. पीएलएवर तो उष्ण, दमट हवेत लवकर उतरतो, आणि श्वास तर उष्ण-दमटच! भरपाई म्हणून थर जाड केला की दम लागतो, मग माणूस मास्क नाकाखाली ओढतो. झालं संरक्षण.

तंतुवेडा:
मधला राहू द्या, बाहेरचे दोन बदला.

मेल्टब्लोन:
म्हणजे आगीतून फुफाट्यात. असा मिश्र मास्क ना वितळवून पुन्हा वापरता येणार, ना खतात जाणार.

उकिरडा:
खताचं नाव निघालंच म्हणून सांगतो. पीएलए मोठ्या खत प्रकल्पातच, ५८ अंशांच्या आसपास, नीट कुजतं. गटारात पडलं तर वर्षानुवर्षं तसंच. वर ‘जैवविघटनशील’ छापलं की लोक आणखी बिनधास्त फेकणार. आणि कानाची इलॅस्टिक दोरी, नाकावरची तार यांचं काय? पक्ष्यांच्या पायात अडकते ती दोरीच. आधी बांधायच्या, त्याच कापडाच्या पट्ट्या आणा.

ओटीसिस्टर:
पट्ट्या चालतील, आम्ही डोक्यामागे बांधतोच.

तंतुवेडा:
‘बंधनकारक’ मी सोडत नाही. गर्दीत, प्रवासात लावायच्या मास्कला रक्ताच्या फवाऱ्याची अट कशाला? तिथून सुरुवात करा.

ओटीसिस्टर:
दोन्ही दिसायला सारखेच निळे. अपघात विभागात घाईत हाताला लागेल तो मास्क चढवतात. तुमच्या मास्कचा रंग वेगळा ठेवणार असाल, तर पुढचं बोलू.