ग्वाटेमाला: नऊ दिवस, दुखरे गुडघे आणि शाकाहार

नाशिककर_आजोबा
नमस्कार मंडळी. मुलगी ह्यूस्टनला असते. फेब्रुवारीत तिथूनच मी, सौ. आणि मुलगी नऊ दिवस ग्वाटेमालाला जायचं म्हणतोय. मुलीच्या यादीत अँटिग्वा हे जुनं शहर, आतितलान तळं, चिचिकास्तेनांगोचा बाजार, सेमुक चांपेचे नैसर्गिक डोह, तिकालची जुनी माया मंदिरं आणि वर आकातेनांगो ज्वालामुखीवर तंबूत मुक्काम! सौ.चे गुडघे कुरकुरतात, ती अंडंही खात नाही. काय गाळू? आणि तिथल्या मूळच्या माया लोकांचं आता फक्त अवशेष बघण्याइतकंच उरलंय का?

माजघर
काका, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. माया लोक चांगले नांदतायत. २०१८ च्या जनगणनेत चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वतःची नोंद माया म्हणून केली. वीसहून जास्त माया भाषा तिथे बोलल्या जातात. म्हणून माझं मत, तळ्याकाठी किमान तीन रात्री राहा. मी आईला घेऊन गेले होते, तेव्हा एकच ठेवली आणि पस्तावले.

आतितलान हे ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात साठलेलं पाणी, आपल्या लोणारसारखं उल्केमुळे झालेलं नव्हे. खोली तीनशे मीटरच्या वर. गावोगाव जायला होड्या, त्यांना म्हणतात 'लांचा'. भाऊच्या धक्क्यावरच्या लाँचची सख्खी बहीण. फक्त सकाळीच फिरा. दुपारी 'शोकोमिल' नावाचा वारा सुटतो. आम्ही हट्टानं तीनची होडी धरली. आई पुढच्या फळीवर बसलेली, होडी प्रत्येक लाटेवर धाडकन आपटत होती. उतरली तेव्हा नखशिखांत भिजलेली, आणि माझ्याशी रात्रीपर्यंत अबोला.

सान हुआन ला लागुनाला मात्र तिची कळी खुलली. एका अंगणात एक बाई मागावर बसली होती. माग कसला, काठ्या आणि दोर! एक टोक झाडाला, दुसरं तिच्या कमरेच्या पट्ट्याला. ताण हवा तर मागे रेलायचं, सैल करायचं तर पुढे झुकायचं. अंग हीच मागाची चौकट. शेजारी दुसरी बाई तोर्तिया थापत होती. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेला, तळहाताएवढ्या चकत्या, दोन्ही हातांत टाळ्या वाजवल्यासारखी थाप. आईनं न विचारता गोळा उचलला आणि भाकरीसारखा थापायला घेतला. पीठ पार फाटलं. बाई पोट धरून हसली, मग तिनं आईचे हात धरून शिकवलं. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

खाण्याचं: काळे घेवडे (फ्रिहोलेस), तोर्तिया, भाजलेली केळी, अवाकाडो, पोट भरतं. पण घेवड्यात पुष्कळदा डुकराची चरबी असते. 'सिन मान्तेका' (चरबीशिवाय) हे दोन शब्द काकूंना पाठ करवा. आम्हाला ते तिसऱ्या दिवशी कळले. आईला मी अजून सांगितलेलं नाही. पाणी बाटलीचंच.

आकातेनांगो गाळा. जवळजवळ चार हजार मीटर उंच, वाट भुसभुशीत राखेची. सेमुक चांपेही गाळा, रस्त्यात दोन दिवस जातात. त्याच्या शेजारच्या जागत्या फुएगो ज्वालामुखीचा धूर अँटिग्वाच्या गच्चीवरूनही दिसतो, हातात कॉफी घेऊन.

रानवाटा
आकातेनांगोबद्दल माजघर यांच्याशी भांडण! रात्री समोर फुएगो लाल ठिणग्या उडवतो ते दृश्य मुलीला चुकवू देऊ नका, तिला एकटीला गाइडबरोबर धाडा. हां, २०१८ च्या जूनमधल्या उद्रेकात पायथ्याची वस्ती गाडली गेली, तेव्हा बंदीचा इशारा असेल तर हुज्जत नको.

तिकालला बसनं जाऊ नका, नऊ-दहा तास मोडतात. राजधानीहून फ्लोरेसला तासाभराचं विमान आहे. तिकडे रात्री राहून पहाटे उद्यानात शिरा. चौथ्या मंदिराला लाकडी जिना आहे, काकूंनी सावकाश चढावं, नाहीतर खाली बसून माकडांची डरकाळी ऐकावी. हो, डरकाळीच. हाउलर माकडं ओरडली की वाघ आला वाटतं. वाटेवर सेइबाचं झाड दिसेल, त्यांचं राष्ट्रीय झाड. नीट बघा, आपली पांढरी सावरच आहे. आणि शिलालेखांवरचे आकडे वाचून बघा: ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ पाच, मोजणी विसाविसांची. आपली कोडीच म्हणा. शून्याचंही चिन्ह त्यांच्याकडे होतं.

माजघर
@रानवाटा, मुलीला एकटीला धाडा हे पटलं. काका, चिचिकास्तेनांगोचा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो, तारखा त्याप्रमाणे लावा. सान्तो तोमास चर्चच्या पायऱ्यांवर कोपाल धुपाचा धूर असतो, पूजा करणाऱ्यांचे फोटो काढू नका. आणि वेलदोडे घ्या. कोबानच्या डोंगरातले, जगात सगळ्यात जास्त तिथूनच निर्यात होतात. गंमत म्हणजे स्थानिक लोक स्वयंपाकात ते फारसे वापरत नाहीत.

नाशिककर_आजोबा
आभार. सेमुक रद्द, तळ्याला तीन रात्री, तिकालला दोन. मुलगी एकटी डोंगरावर जाणार म्हणून घरात सध्या थोडं तापलंय. सौ.नं मुलीच्या घरचा वेलदोड्यांचा डबा मागवून बघितला व्हिडिओवर. मागे बारीक अक्षरात लिहिलंय, ग्वाटेमाला.