मदत हवी आहे : ‘बूट’ बंदराचा मालक नेमका कोण?

मंडळी, वास्कोतल्या आमच्या वाचन मंडळात बंदरांच्या मालकीवर अर्धा तास बोलायचंय. शनिवारी. एका जागी अडकलोय : ‘बूट’ नावाच्या करारावर चालणारं गुजरातचं मुंद्रा बंदर.

आमच्या मुरगाव बंदराचं गणित जमलं. जमीन आणि जलमार्ग सरकारी प्राधिकरणाकडे, काही धक्के मात्र कराराने खासगी कंपन्यांकडे. म्हणजे प्राधिकरण घरमालक, कंपनी भाडेकरू. २०२१च्या कायद्याने १९६३चा पोर्ट ट्रस्ट कायदा गेला, ‘ट्रस्ट’चं ‘प्राधिकरण’ झालं, तरी मालकी सरकारीच राहिली. दुसरं टोकही स्पष्ट आहे : ब्रिटनने १९८०च्या दशकात सरकारी बंदरं जमिनीसकट विकली. चेन्नईजवळचं एन्नोर बंदर या दोन टोकांच्या मधलं, कंपनी कायद्याखाली चालणारं पण सरकारी.

घोळ मुंद्र्याचा. वर्तमानपत्रं सर्रास ‘खासगी बंदर’ लिहितात. पण ते चालतं गुजरात मेरीटाइम बोर्ड या राज्य सरकारच्या बंदर मंडळाशी झालेल्या ‘बूट’ (BOOT) करारावर : बांधा, मालकी ठेवा, चालवा, हस्तांतरित करा. मुदतीनंतर परतच करायचं तर मधली ‘मालकी’ कसली?

२०२१चा कायदा वाचला, पण तो फक्त ‘प्रमुख’ म्हणजे केंद्र सरकारच्या अखत्यारीतल्या बंदरांपुरता. मुंद्रा त्यात येतच नाही. इंटरनेटवर ‘बूट’ आणि ‘बॉट’ (BOT : बांधा, चालवा, हस्तांतरित करा) एकाच अर्थाने वापरलेले दिसतात, त्याने गोंधळ वाढलाच. मुरगावच्या कोळशाच्या प्रदूषणाचा वाद इथे नको, तो आम्ही रोजच घालतो.

बंदर कायदा किंवा कंत्राटांचं काम केलेलं कुणी सांगेल का : ‘बूट’मध्ये किनाऱ्याची जमीन आणि पाणी कंपनीच्या नावावर होतं, की मालकी फक्त तिने बांधलेले धक्के आणि यंत्रं यांचीच असते?