हाताने घडवलेले टॅटू मशीन : आर्मेचर चिकटते आणि कॉइल तापते

प्रश्न (चोपडा)

नमस्कार. व्यवसायाने मी वायरमन आहे, टॅटूचे काम करत नाही. मात्र सारंगखेड्याच्या यात्रेत एका गोंदणाऱ्याच्या हातातले मशीन जवळून पाहिल्यापासून तसे यंत्र स्वतः घडवावे, ही इच्छा मनात घर करून बसली आहे. कोणाच्या हाताखाली शिकलेलो नाही. जुनी इलेक्ट्रिक बेल उघडून तिची रचना समजून घेतली आणि तिच्याच आधाराने चार महिन्यांत दोन कॉइलचे मशीन तयार केले. फ्रेम ६ मि.मी. जाडीच्या पितळी पट्टीतून कापली, कारण पितळ कानशीला सोपे जाते आणि दिसतेही सुरेख. कॉइलच्या आतल्या गाभ्यासाठी ८ मि.मी.चे हाय टेन्साइल बोल्ट घेऊन त्यांवर २४ नंबरच्या तारेचे आठ थर गुंडाळले.

७ व्होल्टवर आर्मेचर (कॉइलकडे ओढली जाणारी, सुई हलवणारी लोखंडी पट्टी) नुसते थरथरते. १२ व्होल्टवर चालते, पण मध्येच गाभ्याला चिकटून बसते आणि पाच मिनिटांत कॉइलला बोट लाववत नाही. काँटॅक्ट स्क्रूच्या (स्प्रिंगला टेकून प्रवाह जोडणाऱ्या स्क्रूच्या) टोकाशी मोठी निळी ठिणगी पडते आणि स्प्रिंगवर काळा खड्डा पडला आहे. चूक नेमकी कुठे झाली असावी?

प्रतिसाद (भुसावळ)

भाऊ, मी मोटर रिवाइंडिंगचे काम करतो आणि फावल्या वेळात अशी मशीन घडवतो. तुमच्या कामात मला तीन चुका दिसतात आणि तिन्ही चुंबकाशी संबंधित आहेत.

पहिली आणि मोठी चूक फ्रेमची. चुंबकीय रेषांना पुढच्या गाभ्यातून आर्मेचरमध्ये, तिथून मागच्या गाभ्यात आणि खालून पुन्हा पुढच्या गाभ्यात असा लोखंडाचा पूर्ण रस्ता लागतो. पितळ चुंबकीय नसल्यामुळे तुमच्या मशीनमध्ये हा रस्ता खाली तुटलेला आहे, म्हणून ओढ कमी पडते आणि ती भरून काढायला तुम्ही व्होल्टेज वाढवता. पितळी फ्रेम टाकून देऊ नका. दोन्ही कॉइलच्या खाली ३ मि.मी. जाडीची साध्या लोखंडाची एकच पट्टी बसवा. तिच्यामुळे गाभे ३ मि.मी. वर येतील, तेव्हा तेवढी उंची गाभ्यांतून आधीच कमी करून ठेवा, नाहीतर आर्मेचरला हलायला जागाच उरणार नाही.

दुसरी चूक बोल्टची. हाय टेन्साइल पोलाद प्रवाह थांबल्यावरही थोडे चुंबकत्व धरून ठेवते आणि आर्मेचर सोडत नाही. एमएसचा (साध्या मऊ पोलादाचा) गज लेथवर काढून घ्या, लाल होईपर्यंत तापवा आणि राखेत पुरून रात्रभर निवू द्या.

तिसरी गोष्ट तारेची, आणि इथे शिकणाऱ्यांपैकी बरेच जण फसतात. अशा मशीनच्या परदेशी नकाशांत २४ नंबर म्हणजे अमेरिकी गेज, म्हणजे ०.५१ मि.मी.; आपल्या वाइंडिंगच्या दुकानात २४ नंबर मागितला तर ०.५६ मि.मी.ची तार मिळते, कारण आपल्याकडे ब्रिटिश गेज चालतो. तुम्हाला २५ नंबर हवा होता. जाड तारेचे वेढे कमी बसतात, रोध घटतो आणि प्रवाह वाढतो. दोन्ही कॉइल एकाच दिशेने गुंडाळून त्यांची आतली टोके एकमेकांना जोडा. मग होकायंत्र जवळ धरून एका गाभ्याचे वरचे टोक उत्तर आणि दुसऱ्याचे दक्षिण आहे ना, हे तपासा.

ठिणगीसाठी कॉइलच्या दोन्ही बाहेरच्या टोकांना समांतर ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. त्याला धन-ऋण असते, त्यामुळे क्लिपकॉर्ड (मशीनला वीज देणारी तार) उलटी लागली तर तो फुगतो. माझा पहिला असाच फुटला होता. काँटॅक्ट स्क्रूच्या टोकाला सोनाराकडून चांदीचा छोटा ठिपका लावून घेतला, तर ते टोक पितळेपेक्षा कितीतरी जास्त टिकते.

प्रतिसाद (धुळे)

वरील सूचना योग्य आहेत, परंतु सुरुवात छोट्या डीसी मोटरच्या रोटरी मशीनने करावी असे माझे मत आहे. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीने ८ डिसेंबर १८९१ रोजी ज्या मशीनचे पेटंट घेतले, तेही एडिसनच्या १८७६ च्या विद्युत लेखणीवर बेतलेले, फिरत्या गतीचेच होते. त्यात स्प्रिंगचा ताण जुळवण्याची अडचण नसते.

मी टॅटूचे काम करतो, म्हणून दुसरी गोष्ट आग्रहाने सांगतो. घरी घडवलेले मशीन कोणाच्याही कातडीवर, स्वतःच्याही, चालवू नका. ज्या नळीतून सुई जाते तिच्या आतल्या बाजूला कानशीचे ओरखडे राहिले असतील तर तिथे रक्त आणि शाई साचते, आणि हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्ही याच वाटेने पसरतात. डेटॉलने धुणे किंवा पाण्यात उकळणे म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. त्यासाठी १२१ अंशांचा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेचे यंत्र) लागतो, आणि सुई एकदाच वापरून टाकून द्यायची असते. हात बसवण्यासाठी आपल्या केळीपट्ट्यातले हिरवे, कडक केळे पुरेसे आहे. सुई खोल गेली तर साल फाटून आतला गर दिसतो, त्यामुळे चूक लपत नाही.

प्रश्नकर्ता (चोपडा)

दोघांचेही मनापासून आभार. रोटरीचा सल्ला पटला, पण हातात घेतलेले हे काम आधी तडीस न्यायचे ठरवले. लोखंडी पट्टी बसवली, एमएसचे गाभे काढून घेतले आणि २५ नंबरच्या तारेने दोन्ही कॉइल नव्याने गुंडाळल्या. दोन्ही मिळून रोध सुमारे ३ ओहम आला. होकायंत्राने माझी आणखी एक चूक दाखवली: जुन्या जोडणीत एका कॉइलचे आतले टोक दुसरीच्या बाहेरच्या टोकाला जोडल्यामुळे दोन्ही गाभ्यांची वरची टोके उत्तरच होती.

आता साडेसात व्होल्टवर मशीन एका सुरात चालते आणि वीस मिनिटांनंतर कॉइल फक्त कोमट होते. काँटॅक्टचे अंतर गॅरेजमधल्या फीलर गेजच्या (फट मोजायच्या साधनाच्या) दोन पात्या एकत्र धरून दीड मि.मी. ठेवले आहे. केळ्यावर ओढलेली पहिली रेघ दोन ठिकाणी फाटली. उरलेली थोड्या वेळाने काळी पडून स्पष्ट उमटली.