‘हस्ते’ म्हणजे देणारा नव्हे

आमच्या नगरपरिषदेच्या नागरी सत्काराची पत्रिका छापायला जाण्याआधी माझ्या नजरेखालून जाते. परवा छापखान्यातून फोन आला, “सर, ‘यांचे हस्ते’ ठेवू की ‘यांच्या शुभहस्ते’?”

‘यांच्या हस्ते’ ठेवा, असं सांगितलं. ‘यांचे हस्ते’ हे दप्तरी वळण आहे. चूक म्हणणार नाही, पण आज बोलताना तसं कुणी म्हणत नाही. ‘शुभ’ हवं तर लावा, त्याला हरकत नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते ‘हस्ते’.

संस्कृतात ‘हस्ते’ म्हणजे हातात. मराठीत त्याचा अर्थ झाला हातून, मार्फत. गणपतीच्या वर्गणीची पावती पाहा. वडिलांनी मुलाजवळ पैसे पाठवले, तर नाव वडिलांचं लिहितात आणि खाली ‘हस्ते’पुढे मुलाचं. दुकानदाराच्या वहीत नुसतं ‘ह.’ असतं. पैसे कुणाचे आणि आणले कुणी, यात गल्लत नको म्हणून ही सोय.

सत्काराच्या पत्रिकेतही अर्थ हाच आहे. सत्कार गावाचा, तो पोचतो नगराध्यक्षांच्या हस्ते. तरी दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘नगराध्यक्षांनी सत्कार केला’. तिथे शब्दाचा अर्थच उलटा होतो. 11 मे 1888 रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीराव फुल्यांना ‘महात्मा’ ही पदवी मिळाली, ती रावबहादूर वंडेकरांच्या हस्ते. पण ती जनतेने दिली, असंच आपण सांगतो आणि तेच बरोबर आहे.

‘नागरी सत्कार’ यातला ‘नागरी’ही हेच सांगतो: नागरिकांनी, नगराच्या नावाने केलेला. खेड्यात त्यालाच ‘समस्त ग्रामस्थांच्या वतीने’ म्हणतात. मला तर हे अधिक आवडतं, कारण त्यात करणारा कोण ते सरळ कळतं.

मानपत्राचंही तसंच. ते एका माणसाचं नसतं, ‘आम्ही नागरिक’ असं बोलतं. पूर्वी नगरपालिका मोठ्या पाहुण्याला मानपत्र द्यायच्या, त्याला फार वजन होतं. 25 जून 1934 रोजी पुण्यात गांधीजींची समजून एका मोटारीवर बॉम्ब टाकला गेला, तेव्हा ते नगरपालिकेचं मानपत्र स्वीकारायलाच निघाले होते. मानपत्र गुंडाळून चांदीच्या करंडकात घालून देत. करंडक म्हणजे झाकणाची पेटी, कुंकवाच्या करंड्याचा थोरला भाऊ. आता करंडक म्हटलं की रणजी करंडक किंवा नाटकाच्या स्पर्धेतला फिरता करंडक आठवतो. आतलं पत्र गेलं, पेटी तेवढी राहिली आणि तिचाही आकार बदलला.

आता ‘पुरस्कृत’. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण मागच्या समारंभात ते घडलं. पहाटे चारला बाजारपेठ झाडणाऱ्या एका बाईंचा गौरव होता. नवी साडी नेसून त्या आल्या होत्या, पाठीमागच्या फलकावर मोठ्या अक्षरात होतं: ‘नगरपरिषद पुरस्कृत आदर्श सफाई कामगार’. पुरस्कार म्हणजे मुळात पुढे करणे, म्हणून एखाद्या मताचा पुरस्कार आणि त्या मताचे पुरस्कर्ते. निवडणुकीतला ‘पक्ष पुरस्कृत अपक्ष’ याच अर्थाचा. फलक वाचणाऱ्याला वाटावं, या बाईंना नगरपरिषदेने पाठिंबा दिला आहे! ‘पुरस्कारप्राप्त’ किंवा ‘पुरस्काराच्या मानकरी’ हवं होतं. फलक मी पाहिला नव्हता, तो माझ्याकडे आलाच नव्हता, पण रुखरुख राहिली.

बक्षीस आणि पारितोषिक यांवर वेगळं लिहावं लागेल. इथे एवढंच, की कामगाराच्या गौरवाला ‘बक्षीस’ म्हणू नये. फारसीतून आलेल्या त्या शब्दाला वरच्याने खालच्याला खूश होऊन दिल्याचा वास अजून आहे. शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीला तो शोभतो. स्मृतिचिन्ह पाहुण्याला, सन्मानचिन्ह सत्कारमूर्तीला, हाही भेद पाळता आला तर पाहावा.

यंदाच्या पत्रिकेत पहिल्या ओळीला सर्वांत ठळक टाइप लावायला सांगितला आहे: ‘शहरवासीयांच्या वतीने नागरी सत्कार’. त्याखाली सत्कारमूर्तींची नावं. ‘हस्ते’ची ओळ त्यानंतर, पावतीवर असते तशी, खाली. छापखान्यातला मुलगा म्हणाला, “सर, साहेबांचं नाव बारीक दिसेल.” मी म्हटलं, “दिसू दे, वाचता आलं की झालं.”