मदत हवी आहे: व्यक्तिमत्त्व चाचणी नक्की काय मोजते, व्यक्तिमत्त्व की स्व-संकल्पना?

नमस्कार मंडळी,

बी.ए.च्या पहिल्या वर्षाला मानसशास्त्र घेतलंय, मराठी माध्यमातून. व्यक्तिमत्त्वाचं प्रकरण चालू आहे आणि एका जागी अडलेय. व्याख्या पाठ आहेत. विचार, भावना आणि वागणं यांची प्रत्येकाची जी बऱ्यापैकी टिकून राहणारी घडण असते ते व्यक्तिमत्त्व. आणि 'मी कोण, मी कशी' याविषयी माझ्या मनात जे चित्र असतं ती स्व-संकल्पना. इथवर ठीक.

प्रात्यक्षिकात बिग फाइव्हची, म्हणजे व्यक्तिमत्त्वाचे पाच मोठे गुणघटक मोजणारी, प्रश्नावली भरली तेव्हा घोळ सुरू झाला. 'मी गप्पिष्ट आहे', 'मी हातातलं काम पूर्ण करते', 'मला लवकर टेन्शन येतं' अशी विधानं आणि पुढे १ ते ५ आकडे. 'गप्पिष्ट'पुढे मी २ वर खूण केली. शेजारची मैत्रीण वाकून बघत म्हणाली, "तू? अगं, बसमध्ये स्टॉप येईपर्यंत तुझं तोंड बंद नसतं!" तिचंही खरं आहे. पण घरी पाहुणे आले की मी आतल्या खोलीतून बाहेर येत नाही आणि लहानपणापासून 'आमची ही अबोल आहे' हेच ऐकत आलेय.

उत्तरं जर मीच देणार, तर त्या आकड्यांतून माझं व्यक्तिमत्त्व कळतं की मी स्वतःला काय समजते ते कळतं? शिवाय मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स व्यक्तिमत्त्वाच्या सिद्धांतांत आहे, पण तो तर सगळं 'स्व'बद्दलच बोलतो. मग त्याच्या लेखी दोन्ही एकच का? 'फरक स्पष्ट करा' असा प्रश्न परीक्षेला हमखास येतो, पण वहीत दोन रकाने आखले की तिसऱ्या मुद्द्याला पेन थांबतं. कोणी नीट समजावून सांगेल का?

प्रतिसाद १
बरीच वर्षं हा विषय शिकवतोय. तुझी शंका रास्त आहे आणि ती संशोधकांनाही पडलेली आहे. स्वतः भरायच्या चाचणीत व्यक्तिमत्त्व दिसतं ते स्व-संकल्पनेच्या गाळणीतून. म्हणूनच कोस्टा आणि मॅक्रे यांच्या निओ या बिग फाइव्ह मोजणाऱ्या चाचणीचा एक नमुना स्वतःसाठी आहे आणि दुसरा जवळच्या माणसाने आपल्याबद्दल भरायचा आहे. दोन्हींची उत्तरं बऱ्यापैकी जुळतात, तंतोतंत नाही.

कुणाचं जास्त खरं मानायचं, हे गुणावर ठरतं. मानसशास्त्रज्ञ सिमिन वझीर यांनी २०१० साली याच प्रश्नावर अभ्यास प्रसिद्ध केला. मनातली धास्ती, अस्वस्थपणा आपला आपल्यालाच जास्त ठाऊक असतो. बुद्धी, सर्जनशीलता अशा गुणांबाबत मात्र मित्रांचा अंदाज अधिक बरोबर निघतो, कारण तिथे आपण चांगलेच असावं असं प्रत्येकाला वाटतं. गप्पिष्टपणा चारचौघांना दिसतो, त्यामुळे तिथे दोघंही साधारण सारखेच पारखी. म्हणजे मैत्रिणीचं म्हणणं सोडून देऊ नकोस.

आता रॉजर्स. दोन्ही एकच असं तो म्हणत नाही. त्याच्या मते स्व-संकल्पना हा व्यक्तिमत्त्वाचा गाभा, आणि प्रत्यक्ष अनुभव या गाभ्याशी जुळतो की नाही यावर माणसाचं स्वास्थ्य अवलंबून. 'मी अबोल' हे चित्र पक्कं असेल तर बसमधल्या गप्पा त्यात बसत नाहीत. मग मन एक तर ते लक्षातच घेत नाही किंवा 'ती जवळची आहे म्हणून' असा अर्थ लावून मोकळं होतं. चित्र आणि अनुभव यांच्यातल्या या तफावतीला रॉजर्स विसंगती म्हणतो. 'शहाण्या मुली गप्प बसतात' अशा अटींवर लहानपणी कौतुक मिळालं असेल तर ती वाढते. थोडीफार सगळ्यांतच असते, तेव्हा काळजी करू नकोस.

प्रतिसाद २
एक सोपा प्रयोग करून बघ. 'मी कोण?' याला वीस उत्तरं लिही. कून आणि मॅकपार्टलंड यांची ही १९५४ ची चाचणी आहे. लिहून झालं की त्यातली किती उत्तरं बिग फाइव्हच्या पाच घटकांत बसतात ते तपास.

धागाकर्ती
लिहून काढलं! सुरुवात अशी झाली: मोठी मुलगी, दादाची बहीण, वारकऱ्यांच्या घरातली, उंच, कबड्डी खेळणारी, गणितात कच्ची. 'हळवी' आणि 'नीटनेटकी' पार खाली आलं. त्या दोन सोडल्या तर बाकीचं बहुतेक पाच घटकांत कुठेच बसत नाही. म्हणजे नाती, शरीर, घराणं हे सगळं स्व-संकल्पनेत येतं, गुणघटकांत येत नाही, बरोबर ना?

प्रतिसाद १
अगदी बरोबर, आणि तुझा तिसरा मुद्दा हाच. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्येच भौतिक, सामाजिक आणि आत्मिक असे 'स्व'चे भाग सांगितले होते. तुझी यादी त्यात घालून बघ, उंची पहिल्यात आणि बहीण दुसऱ्यात जाईल. चौथा मुद्दा मोजमापाचा: तुझं व्यक्तिमत्त्व दुसरा माणूसही नोंदवू शकतो, स्व-संकल्पना मात्र तुझ्याकडूनच कळते. रॉजर्सला रकान्यांत कोंबू नकोस. तक्ता संपला की खाली स्वतंत्र परिच्छेद कर आणि विसंगतीचं उदाहरण दे. बसचंच दिलंस तरी चालेल.

धागाकर्ती
मनापासून आभार, सर. रॉजर्सचा 'आदर्श स्व', म्हणजे आपण कसं असावं असं वाटतं ते चित्र, तोही त्याच परिच्छेदात घ्यायचा, की त्याला परीक्षेत वेगळे मार्क असतात?