वृद्धाश्रमातल्या मदतनिसांना नेमकं काय शिकवायचं?

फोंडा_आश्रम
२२ ज्येष्ठ, ९ मदतनीस. त्यातले ५ ओडिशा-झारखंडचे, कोंकणी समजते पण बोलता येत नाही. ज्येष्ठांचा छळ, हेळसांड कशी ओळखायची यावर एक दिवसाचं व्याख्यान ठेवलं की छळाचे प्रकार पाठ होतात, खोलीत गेल्यावर मात्र कुणाला काही दिसत नाही. महिन्याला ४ तास काढू शकतो. सुरुवात कुठून करावी?

परिचारिका_म्हापसा
प्रकार नंतर. आधी प्रत्येकाचं ‘रोजचं’ अर्ध्या पानावर उतरवा: किती जेवतात, झोप कशी, कशाच्या आधाराने चालतात, दुखलं की काय करतात. जी आजी नुस्त्याशिवाय (मासळीशिवाय) जेवत नाही तिचं हुमण (माशाची आमटी) दोन दिवस तसंच परत आलं, तर कवळी टोचते का, पोट साफ आहे का, की कुणी घाईघाईने भरवतंय, हे बघायला हवं. रोजचं ठाऊक नसेल तर बदल कळणार कसा?

४ तास सलग घेऊ नका. आठवड्याला एक, तोही खाटेपाशी. पहिला तास कातडीचा: माकडहाड, खुबे, टाचा. लाल डाग बोटाने दाबून सोडा; पांढरा पडला नाही तर बेडसोर (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी जखम) सुरू झाला. त्या अंगावर झोपवायचं नाही, आणि तिथे तेल लावून चोळायचं तर मुळीच नाही (हे सगळीकडे चालतं). दुसरा तास अचानक आलेल्या भ्रमाचा. काल नीट बोलणारे आजोबा आज बरळतात किंवा दिवसभर पेंगतात, तर ‘वय झालं’ म्हणू नका. स्मृतिभ्रंश महिनोन्‌महिने वाढतो. हे तासांत होतं. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, नवी गोळी. त्याच दिवशी डॉक्टर.

वजन दरमहा, एकाच काट्यावर. ५० किलोच्या माणसाचे महिन्यात अडीच किलो गेले तर कारण शोधायलाच हवं.

समाजकार्य_डिचोली
माराच्या खुणांबद्दल थोडं. पडल्यावर सहसा गुडघा, नडगी, कोपर, कपाळ लागतं. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांसारखे वळ किंवा कानामागे काळंनिळं दिसलं तर विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर साध्या धक्क्यानेही डाग पडतो, म्हणून औषधांची यादी जवळ हवी. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे ठरवू नका.

‘सुनेने मारलं का?’ असं विचारायचं नाही. ‘हें कशें जालें?’ एवढंच, मग गप्प राहायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ हे वचन द्यायचं नाही. उत्तर कोंकणीतच, त्यांच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहायचं. मदतनिसाला लिहिता येत नसेल तर दुसऱ्याने लिहून वाचून दाखवावं. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर आंघोळ नको, कपडे बदलणं नको, आधी ११२ ला (आपत्कालीन नंबर) फोन.

मदतनिसाने पर्यवेक्षकाला सांगायचं, पण तक्रार त्याच्याचविरुद्ध असेल तर? भिंतीवर दोन नंबर लावा, दुसरा विश्वस्तांपैकी कुणाचा तरी. आणि ओढणीने खुर्चीला बांधणं हाही छळच, ‘पडू नये म्हणून’ असलं तरी.

कायदा_पणजी
पैशांकडे कुणी बघत नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे (गोवा सरकारचं मासिक अर्थसाहाय्य) पैसे खात्यात येतात, एटीएम कार्ड भाच्याकडे, आणि आजीकडे साबणाला पैसे नाहीत. कुणी कागदावर अंगठा घ्यायला आलं तर मदतनिसाने साक्षीदार म्हणून सही करू नये, लगेच कळवावं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘सांभाळ करीन’ ही अट त्यात लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून घ्यायला तीच उपयोगी पडते. ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठांना कायमचं टाकून दिलं तर कलम २४: ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

फोंडा_आश्रम
देव बरें करूं. रात्रपाळीचं कसं करायचं? त्या वेळी दोघंच असतात.

परिचारिका_म्हापसा
त्यांचा तास सकाळी ७ ला, पाळी सोपवताना. कूस बदलल्याचा तक्ता कपाटात नाही, खाटेला टांगा. दर २ तासांच्या सगळ्या सह्या एकाच शाईत, एकाच वळणाच्या दिसल्या तर त्या पहाटे बसून केलेल्या असतात. मग आधी टाचा बघा.