कॉन्फिग फाईल व्यवस्थित डीकोड होते, तरी सीएमटीएस मोडेमला नाकारतो

प्रश्न
केबल मोडेमसाठी मी ‘डॉक्सिस’ ही कमांड लाइन युटिलिटी वापरून कॉन्फिग फाईल तयार केली. मजकूर फाईल, की-फाईल आणि बायनरी यांची नावे देऊन -ई ने एन्कोड करताना एकही त्रुटी आली नाही आणि तीच बायनरी -डी ने उलगडल्यावर सर्व सेटिंग्ज परत मिळाल्या. तरीही मोडेम टीएफटीपीवरून (फाईल पाठवण्याची एक साधी पद्धत) फाईल घेऊन नोंदणीपाशी अडकतो. सीएमटीएसवर (केबल कंपनीच्या बाजूचे, मोडेमची नोंदणी करणारे उपकरण) ‘रिजेक्ट(एम)’ दिसते. जुनी फाईल मात्र आजही चालते. मोडेमला न देता नवी फाईल तपासता येईल का?

उत्तर १
त्या कंसातला ‘एम’ एमआयसीचा, म्हणजे फाईलमध्ये फेरफार झालेला नाही हे पडताळणाऱ्या खुणेचा आहे. फाईलच्या शेवटी असे दोन असतात. प्रकार ६, म्हणजे सीएम एमआयसी, हा सेटिंग्जवर काढलेला साधा एमडी५ हॅश (मजकुरावरून काढलेला १६ बाइटचा ठसा) असून तो मोडेम स्वतःच पडताळतो. प्रकार ७, म्हणजे सीएमटीएस एमआयसी, काढताना शेअर्ड सीक्रेट, म्हणजे की-फाईलमध्ये लिहिलेला आणि सीएमटीएसलाही माहीत असलेला गुप्त शब्द, लागतो. डीकोड करताना युटिलिटी ते सीक्रेट मागतच नाही, त्यामुळे फाईल उलगडली एवढ्यावरून की बरोबर असल्याचे सिद्ध होत नाही.

जुनी, चालणारी फाईल उलगडून, त्यातले काहीही न बदलता, सध्याच्या की-फाईलने पुन्हा एन्कोड करा आणि दोन्ही बायनरींचे हेक्सडंप (बाइट हेक्स अंकांत दाखवणारी यादी) शेजारी ठेवा. शेवटाकडे ‘०६ १०’ दिसेल. त्यापुढचे १६ बाइट सीएम एमआयसीचे, आणि लगेच येणाऱ्या ‘०७ १०’ पुढचे १६ बाइट सीएमटीएस एमआयसीचे. पहिले जुळले आणि दुसरे जुळले नाहीत, तर दोष कीमध्ये आहे. पहिलेही जुळले नाहीत, तर उलगडून पुन्हा बांधताना सेटिंग्जमध्येच काहीतरी बदलले आहे, आणि मग कीबद्दल या चाचणीतून काहीच कळत नाही.

प्रश्नकर्ता
अगदी तसेच निघाले: पहिले १६ बाइट जुळले, दुसरे नाहीत. की-फाईलमध्ये सीक्रेटचे पहिले अक्षर कॅपिटल पडले होते, आणि मी दोन दिवस सर्व्हिस फ्लो (वेग वगैरे ठरवणाऱ्या सेटिंग्ज) तपासत बसलो होतो. आता मोडेम ऑनलाइन आहे, परंतु वेग जवळपास नाहीच. डाउनस्ट्रीम (मोडेमकडे येणाऱ्या) फ्लोमध्ये मॅक्सरेटसस्टेन्ड, म्हणजे सततचा कमाल वेग, २०००० दिले आहे.

उत्तर २
ते मूल्य बिट प्रति सेकंदात मोजले जाते. आपण किलोबिट धरलेले दिसतात. २० मेगाबिट हवे असल्यास २००००००० लिहावे लागेल. त्याच फ्लोमधील मॅक्सट्रॅफिकबर्स्ट (एका दमात जाऊ शकणारा कमाल डेटा) मात्र बाइटमध्ये असते, त्यामुळे दोन ओळी एकाच मापाने वाचू नयेत. २०००० हेही वैध मूल्य असल्याने युटिलिटी तक्रार करत नाही. म्हणून मी प्रत्येक नवी बायनरी उलगडून तिची जुन्या उलगडलेल्या फाईलशी डिफने (दोन फाईलींतील फरक दाखवणारी कमांड) तुलना करतो. एमआयसीच्या ओळी वेगळ्या दिसणारच, त्या सोडून द्याव्यात. उरलेल्या प्रत्येक फरकाचे कारण सांगता आले, तरच फाईल टीएफटीपी सर्व्हरवर ठेवतो.